सोलापुरातली कोरांटी: हिवाळ्यात फुलणारं झुडूप लावायचं कसं, जपायचं कसं

माझी भाची न्यू जर्सीला असते. गेल्या फेब्रुवारीत तिनं एक फोटो पाठवला. अंगणभर बर्फ, झाडाला एक पान नाही आणि उघड्या फांद्यांवर पिवळ्या फितींच्या चिंध्या लटकाव्यात तशी फुलं. खाली लिहिलं होतं, "मावशी, याला विच हेझेल म्हणतात. तुझ्या अंगणात येईल का गं?"

नाही येणार. विच हेझेल हे थंड मुलखाचं झुडूप. कळी उमलायला त्याला आठवडेच्या आठवडे कडक गारठा लागतो, आणि माती लागते किंचित आंबट, पाणी धरूनही निचरा होणारी. आपली सोलापूरची माती काळी आणि चुनखडीची, उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या पार आणि हिवाळ्यात थंडी म्हणजे पहाटे अंगावर चादर ओढण्यापुरती. ऑनलाइन रोप मागवून कुंडीत लावलं तरी पहिल्या वैशाखात ते जाईल. तो खर्च करू नका.

पण भाचीच्या प्रश्नाचं खरं उत्तर माझ्या कुंपणालाच उभं होतं. दिवस लहान होऊ लागले की जिला कळ्या धरतात, दिवाळीत जी रंगात येते आणि सिद्धेश्वराच्या गड्ड्यापर्यंत, म्हणजे संक्रांतीच्या जत्रेपर्यंत, फुलत राहते, ती आपली कोरांटी. आमच्या शेजारच्या तेलुगू अक्का तिला 'डिसेंबर पूलु' म्हणतात. नावातच महिना आला. जुळे सोलापुरातल्या काळ्या मातीत मी सोळा वर्षं कोरांटी वाढवते आहे. तिला पाणी कमी चालतं, खत कमी चालतं, ऊन कितीही चालतं. एक गोष्ट मात्र ती सोडत नाही: कात्रीची वेळ चुकली, तर त्या वर्षीचं फूल गेलं. म्हणून या लेखात छाटणीवर मी जास्त बोलणार आहे.

कोणती कोरांटी घ्यावी

बागेत लावायला दोन जाती. पहिली पिवळी, काटेकोरांटी (बार्लेरिया प्रायोनायटिस). पानाच्या बगलेत सुईसारखे लांब काटे, फुलं केशरी झाक असलेली पिवळी. हिलाच वज्रदंती म्हणतात, कारण दात-हिरड्यांसाठी हिची पानं आणि मूळ वापरायची जुनी पद्धत आहे. संस्कृतात ही कुरंटक. शेताच्या बांधाला, मोकळ्या प्लॉटच्या कडेला ही उत्तम. शेळ्या सहसा तोंड लावत नाहीत आणि कुंपण दाट होतं.

दुसरी बिनकाट्याची (बार्लेरिया क्रिस्टाटा). फुलं जांभळी, पांढरी किंवा पांढऱ्यावर जांभळे पट्टे असलेली. घरात लहान मुलं असतील, किंवा रोज सकाळी पूजेला फुलं तोडायची असतील, तर हीच घ्या. पुढे मी मुख्यतः हिच्याबद्दलच लिहिते आहे. काटेकोरांटीलाही हेच सगळं लागू आहे, फक्त हातमोजे जाड हवेत.

खरेदीची एक चूक मी केली ती तुम्ही करू नका. जून महिन्यात एका रोपवाटिकेतून 'पट्ट्याची' म्हणून सहा रोपं आणली. नोव्हेंबरात सहाच्या सहा साध्या जांभळ्या निघाल्या. पानावरून रंग ओळखता येत नाही. म्हणून रोप नोव्हेंबर-डिसेंबरात, फूल डोळ्यांनी बघून घ्यावं. आणलेलं रोप त्याच पिशवीत उन्हाळाभर सांभाळावं आणि पावसाळ्याच्या तोंडाशी जमिनीत लावावं. सहा महिने पिशवीत गेले म्हणून काही बिघडत नाही.

जागा आणि खड्डा

ऊन किमान पाच-सहा तास हवं. सावलीत कोरांटी मरत नाही, पण उंच, लुकडी होते आणि फूल टोकाला चार-दोन येतं. पश्चिमेची भिंत, जिथे दुपारचं ऊन भाजून काढतं आणि दुसरं काही टिकत नाही, तिथे ही आनंदाने उभी राहते.

काळ्या मातीचं एक लक्षात घ्या. उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि पावसात ती फुगून पाणी अडवून धरते. सोलापूरला सगळ्यांत जास्त पाऊस सप्टेंबरात पडतो, आणि कोरांटी कळ्यांची तयारी करते तीही त्याच सुमारास. म्हणजे ऐन तयारीत मुळं चिखलात. मुळं कुजली की पानं पाणी नसल्यासारखी माना टाकतात. आपण घाबरून आणखी पाणी घालतो आणि झाड गमावतो. यावर उपाय लावतानाच करायचा असतो, नंतर करता येत नाही.

खड्डा दीड फूट लांब, दीड फूट रुंद, तेवढाच खोल. तो मे महिन्यात खणून उघडा ठेवा, ऊन खाऊ द्या. तळाला चार बोटं मुरूम किंवा विटांचे तुकडे. मग वर आलेली काळी माती अर्धी, जाड वाळू किंवा बारीक मुरूम पाव आणि चांगलं कुजलेलं शेणखत पाव, असं एकत्र करून भरा. वर मूठभर निंबोळी पेंड. भरताना जमिनीच्या पातळीवर थांबू नका. वीतभर उंच वरंबा करा आणि रोप त्या वरंब्यावर लावा. सप्टेंबरचं पाणी बाजूने निघून जातं आणि मूळ मोकळं राहतं. माझ्या अंगणात ज्या रोपांना वरंबा नव्हता त्यातली तीन एकाच ओल्या वर्षात गेली. वरंब्यावरचं एकही गेलं नाही.

लावायचा मुहूर्त मृगाचे एक-दोन दणदणीत पाऊस झाल्यावर. पहिल्या सरीला भुलून लावू नका, त्यानंतर पंधरा दिवस कोरडे जायची सवय आपल्याकडे आहे. कुंपण करायचं असेल तर दोन रोपांत दीड ते दोन फूट, एकेकटं झुडूप डौलात वाढवायचं असेल तर चार फूट. झुडूप कमरेपासून छातीपर्यंत वाढतं.

कुंडी असेल तर बारा इंचांहून लहान नको, आणि काळी माती कुंडीत शक्यतो घालूच नका. ती वाळली की आक्रसून कुंडीच्या कडेपासून सुटते आणि घातलेलं पाणी कडेकडेनं खाली पळतं. लाल माती, वाळू आणि शेणखत बरोबरीनं घ्या.

पाणी

आमच्याकडे नळाला पाणी चार-पाच दिवसांआड येतं. कोरांटीला हा हिशेब अगदी बरोबर बसतो. जमिनीतल्या एक वर्षावरच्या झुडपाला उन्हाळ्यात आठवड्यातून एकदा-दोनदा बादलीभर पाणी पुरतं. पण घालाल ते सावकाश, मुळाशी मुरेपर्यंत घाला. रोज तांब्याभर शिंपडलं तर मुळं वरच राहतात आणि एप्रिलमध्ये भाजतात.

एप्रिल-मेमध्ये पानं गळतील, उरलेली सुरकुततील. घाबरू नका, झाड स्वतःला सांभाळतं आहे. नखानं फांदीची साल किंचित खरवडून बघा. आत हिरवं दिसलं की झाड जिवंत आहे. या दिवसांत बुंध्याभोवती उसाचं पाचट चार बोटं जाड पसरा. आपल्या जिल्ह्यात पाचटाला तोटा नाही, शेतकरी ते जाळून टाकतात. एक पोतं मागून आणलं तर दहा झुडपांचा उन्हाळा निघतो. पाचट बुंध्याला टेकू देऊ नका, वीतभर जागा सोडा, नाहीतर वाळवी चढते.

पाण्याची खरी गरज ऑक्टोबरात असते. पाऊस ओसरतो, ऊन परत तापतं आणि नेमक्या त्याच वेळी कळ्या भरत असतात. इथे ताण बसला तर कळ्या तपकिरी होऊन गळतात. दसऱ्यापासून दिवाळीपर्यंत जमिनीला आठवड्यातून दोनदा, कुंडीला एक दिवसाआड पाणी द्या. थंडी पडली की पुन्हा कमी करा.

बोअरचं पाणी घालत असाल तर कुंडीच्या कडेला पांढरा थर धरतो, तो क्षारांचा. पावसाळ्यात एकदा कुंडी पागोळीखाली ठेवा आणि तळातून भरपूर पाणी वाहून जाऊ द्या.

कात्री

कोरांटीचं फूल त्याच वर्षी फुटलेल्या नव्या फांदीच्या शेंड्याला आणि शेंड्याजवळच्या पानांच्या बगलेत येतं. हे एक वाक्य समजलं की पुढचं सगळं आपोआप कळतं. जितके शेंडे, तितके झुबके. शेंडे वाढवायचे तर कापायला हवं, आणि कापल्यावर नव्या फुटीला पिकायला वेळही मिळायला हवा.

फुलं संपली की, म्हणजे फेब्रुवारीच्या शेवटी, हलकी छाटणी. वाळलेले झुबके आणि त्याखालची चार-सहा बोटं फांदी, एवढंच. पुस्तकी सल्ला असतो की फुलोरा संपला की खोल छाटा. सोलापुरात तो ऐकू नका. मार्चमध्ये खोल छाटलं की कोवळी फूट नेमकी एप्रिलच्या उन्हात सापडते आणि जळते, आणि उघडा पडलेला बुंधाही तापतो. जुनी पानं-काटक्या उन्हाळाभर झाडाची सावली म्हणून राहू द्या.

खोल छाटणी जूनमध्ये, पाऊस लागल्यावर. आधी मेलेल्या फांद्या मुळापासून काढा. मग सगळ्यांत जुन्या, राखाडी पडलेल्या जाड फांद्यांपैकी चारातली एक जमिनीलगत कापा. दरवर्षी एवढं केलं की झुडूप कधी म्हातारं होत नाही. उरलेल्या फांद्या गुडघाभर उंचीवर, पेराच्या वर बोटभर जागा सोडून तिरक्या कापा. बघायला झुडूप बोडकं दिसेल, शेजारचे हळहळतील. पंधरा दिवसांत प्रत्येक पेरातून दोन-दोन फुटी येतात.

फुटी वीतभर झाल्या की जुलैच्या सुरुवातीला शेंडे खुडा. याला कात्री लागत नाही, अंगठ्याच्या नखानं वरची दोन पानं खुडायची. तीन-चार आठवड्यांनी, जुलै सरताना, परत एकदा. एका फांदीच्या दोन, दोनाच्या चार. हे काम मला फार आवडतं. पावसानं उघडीप दिली की संध्याकाळी चहाचा कप कुंपणावर ठेवून अर्ध्या तासात ते होतं.

आणि मग थांबायचं. मी एक खूण धरली आहे: पंधरा ऑगस्टचं झेंडावंदन झालं की कात्री कपाटात. त्यानंतर कोरांटीला हत्यार लावायचं नाही, एखादी फांदी वाटेत आली तर सुतळीनं मागे बांधायची.

हे मी किंमत मोजून शिकले. एका वर्षी दिवाळीच्या साफसफाईला माणूस लावला होता. मी बाजारात गेले असताना त्यानं मोठ्या हौसेनं कुंपण चौकोनी कापून ठेवलं, भिंतीसारखं सपाट. त्याचा काय दोष? त्याला मी सांगितलंच नव्हतं. खाली पडलेल्या फांद्या उचलून बघितल्या तर प्रत्येक टोकाला कळ्यांची गच्च मूठ होती. त्या हिवाळ्यात बावीस फुटांच्या कुंपणाला, जमिनीलगत कात्री पोचली नव्हती तेवढ्याच जागी, ओंजळभर फुलं आली. झाड हिरवंगार होतं, निरोगी होतं, आणि संक्रांत आली तरी मुकं होतं.

म्हणून ही मूठ ओळखायला शिका. सप्टेंबरच्या शेवटी शेंडा जवळून बघा. नुसता पानाचा शेंडा टोकदार आणि मऊ असतो. फुलाचा शेंडा जाडसर, दाटीवाटीचा आणि हाताला चरचरीत लागतो. त्यात एकावर एक शिंपल्यांसारखे हिरवे जोड दिसतात, त्यांच्या कडेला केसासारखे बारीक दात आणि अंगावर शिरांची जाळी. एक जोड हळूच उघडलात तर आत कळीचं पांढुरकं नाक दिसेल.

खत, पिवळेपणा, कीड

खत थोडंच. जूनच्या छाटणीनंतर जमिनीतल्या झुडपाला एक घमेलं शेणखत, कुंडीला दोन ओंजळी गांडूळखत. ऑगस्टनंतर युरिया किंवा ताजं शेण घातलं तर पाला माजतो आणि फूल मागे पडतं.

कोवळी पानं पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या दिसल्या तर तो पाण्याचा दोष नाही. चुनखडीच्या मातीत लोह असूनही मुळांना मिळत नाही. ऊस-लिंबूवाले शेतकरी हे दुखणं चांगलं ओळखतात आणि उपायही त्यांचाच: फेरस सल्फेट शेणखतात मिसळून, ओलसर ठेवून आठवडाभर मुरवायचं आणि मग मुळाशी द्यायचं. लवकर फरक हवा असेल तर लिटरभर पाण्यात ५ ग्रॅम फेरस सल्फेट विरघळवून संध्याकाळी पानांवर फवारा, पंधरा दिवसांनी परत एकदा. फरशीवर थेंब पडू देऊ नका, गंजाचे डाग जात नाहीत.

पिठ्या ढेकूण हा मुख्य शत्रू. पेरात कापूस अडकल्यासारखा दिसतो. जुना टूथब्रश साबणाच्या पाण्यात बुडवून घासून काढा, मग लिटरला ५ मिली निंबोळी तेल आणि चमचाभर पातळ साबण घालून फवारा. त्याच बुंध्यावर मुंग्यांची रांग असेल तर आधी वारूळ शोधा, कारण मुंग्याच हे ढेकूण एका फांदीवरून दुसऱ्या फांदीवर नेऊन ठेवतात. मे महिन्यात पानं धुरकट होऊन मागे बारीक जाळी दिसली तर तो लाल कोळी. सकाळी पानांच्या मागून पाण्याचा जोरकस फवारा दोन-तीन दिवस मारला की आटोक्यात येतो.

आणि एक विनंती. पावसाळ्यात पानांवर काळ्या, अंगभर फाटे फुटलेले काटे असलेल्या अळ्या दिसतील. पानं कुरतडलेली दिसतील. औषध मारू नका. त्या पॅन्सी फुलपाखरांच्या अळ्या आहेत, कोरांटी हे त्यांच्या पोरांचं अन्न आहे. त्या चावत नाहीत, डंख करत नाहीत, आणि चार पानं गेल्यानं झुडपाचं काहीही अडत नाही.

फुलं तोडताना

कोरांटीला वास नाही आणि फूल नाजूक, झुडपावरून दिवसभरात गळतं. सकाळी आठच्या आत तोडावं. देठ ओढू नका, फुलाची नळी दोन बोटांत धरून अलगद उचलली की ती सुटून येते आणि मागचा हिरवा जोड झाडावर राहतो. त्याच जोडातून आणि शेजारच्यांतून पुढच्या कळ्या येत राहतात. अख्खा झुबका तोडला तर त्या सगळ्या गेल्या. अक्का पांढऱ्या-जांभळ्या फुलांत मरव्याची काडी घालून वेणी करतात. मरव्याचा वास आणि कोरांटीचा रंग, असा तो मेळ.

नवी रोपं

पट्ट्याच्या जातीची रोपं फांदीनंच करा, बियांतून पट्टे येतीलच असं नाही. फुलांच्या दिवसांत ज्या फांदीचे पट्टे ठळक असतील तिला रंगीत दोरा बांधून ठेवा. माझ्या झाडाच्या एका फांदीला नुसती जांभळी फुलं आली होती, दोरा नसता तर जूनमध्ये तीच कापली असती. छाटणीच्या वेळी पेन्सिलीएवढी जाड, वीतभर लांब, चार पेरांची फांदी घ्या. खालच्या दोन पेरांची पानं काढून तेवढा भाग वाळू-मातीच्या पिशवीत खोचा. सावलीत ठेवा, ओल राखा. तीन-चार आठवड्यांत मुळं धरतात. हलवून, ओढून बघायचा मोह टाळा.

साध्या रंगांना बी चालतं. झुबके वाळले की त्यात चपटी, टोकदार, तपकिरी बोंडं राहतात. ती पिकली की तडकन फुटून बी लांब उडवतात. भाचीच्या विच हेझेललाही हीच खोड आहे, त्याचं बोंडही फुटून बी कित्येक फूट दूर फेकतं. एवढ्या दूरच्या दोन झुडपांचं या बाबतीत अगदी जमतं. बी गोळा करायचं तर बोंडं तपकिरी होताच झुबक्यावर जुन्या मलमलीची पिशवी बांधा. उडालेली रोपं पावसाळ्यात कुठेही उगवतात, ती लहानपणीच उपटा. उत्तर ऑस्ट्रेलियात पिवळी कोरांटी मोकाट पसरून तण म्हणून जाहीर झाली आहे. छाटलेल्या फांद्या आणि बी नान्नजकडच्या माळरानावर नेऊन टाकू नका, माळढोक पक्ष्याला तिथे झुडूप नको, मोकळं गवतच हवं.

बी चपटं असतं आणि त्यावर बारीक लव असते. ओलं झालं की ती लव चिकट होऊन बोटाला धरते. म्हणून कोरड्या हातानं, कोरड्या मातीवर बी ठेवा, वर नखभर माती भुरभुरवा आणि मगच झारीनं पाणी द्या. जूनमध्ये पेरलेल्या बियांची रोपं दिवाळीपर्यंत वीत-दीड वीत होतात. पहिल्या हिवाळ्यात एखाददुसरं फूल येईल, येणारही नाही. दुसऱ्या जूनला छाटा, दोनदा खुडा आणि पंधरा ऑगस्टला कात्री आत ठेवा.